नव्वद सेकंद

वागळे इस्टेटमध्ये, पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत
आमचा नामफलकांचा गाळा.
सकाळी शटर वर, मग कॉम्प्युटरचं बटण,
मग उदबत्ती, मग झाडू,
काल कापलेल्या अॅक्रिलिकचा भुगा सुपलीत,
चहावाला पोऱ्या ग्लास ठेवून जातो
आणि पडदा अजून काळाच.

मी समजत होते, वय झालं त्याचं.
आठ महिने समजत होते.
पंखा फुंकून झाला, रॅमची पट्टी खोडरबराने घासून झाली.
शेजारच्या गाळ्यातला इद्रिस म्हणाला, ताई, एसएसडी टाका,
उडेल नुसता.
तीन हजार दोनशे. म्हटलं, बघू दिवाळीनंतर.

आज घोडबंदरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी समोर बसून होते
बेचाळीस दारांची बेचाळीस नावं घेऊन.
घड्याळ बघत नव्हते,
पण पट्ट्याखालचं मनगट खाजवत होते.
ते गेल्यावर टर्मिनल उघडलं.

एक कमांड आहे, तिचं नावच ब्लेम.
खोळंबा कुणामुळे, ते सेकंदांसकट सांगते,
मोठा गुन्हेगार सगळ्यात वर.
नेटवर्क, सहा.
प्रिंटर, दोन आणि वर काही.
सगळ्यांना धरून झोडपलं तरी
माझं दीड मिनिट कुणाच्याच खिशात निघेना.

मग उमगलं, ही यादी आलेल्यांची.
कोण किती उशिरा पोचला एवढंच तिला ठाऊक.
जो आलाच नाही
त्याचा उशीर ती कुठून मोजणार?

पुन्हा सुरू केला. चिन्ह गरगरत होतं तेवढ्यात
एस्केप दाबून पडदा बाजूला सारला.
मागे पांढऱ्या ओळी, आणि एका ओळीच्या तोंडाशी
तांबडे ठिपके, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे,
रात्रपाळीच्या वॉचमनसारखे.
अमुक एका डिस्कची वाट बघणं चालू आहे, म्हणत होती ओळ.
बारा सेकंद झाले, मर्यादा दीड मिनिट.
तेरा.
चौदा.
डिस्कचं नाव बत्तीस अक्षरांचं, मध्ये चार आडव्या रेघा.
मी नावं कापून पोट भरते,
असलं नाव कुठल्या दारावर मावलं नसतं.
तरी ओळखलं.

केणीची डिस्क.

भागीदारी सुटली तेव्हा वाटणी सरळ झाली.
लेझर मला, ड्रिल त्याला, उधारी अर्धी अर्धी.
दुसरी डिस्क त्याच्या पैशांची,
म्हणून त्यानेच कव्हर उघडून काढली.
दोन स्क्रू परत लावायचे राहिले.
भांडण नाही काही. खाडीपलीकडे महाप्याला आहे तो,
परवाच पितळी पत्र्याचा भाव विचारायला फोन आला होता.

पण त्या डिस्कवर स्वॅप होती,
मेमरीत मावेनासं झालं की
जास्तीचं तात्पुरतं ठेवायची जागा.
ती गेली हे कॉम्प्युटरला कुणी सांगितलंच नाही.
एका फाइलीत ओळ तशीच होती,
आणि तो रोज सकाळी नव्वद सेकंद
दार धरून उभा.
मग मुकाट्याने कामाला लागायचा.
मी तेवढ्यात भुगा भरायचे.

ओळ पुसता आली असती.
तिच्यापुढे एक जाळीचं चिन्ह टाकलं, म्हणजे ती मुकी होते.
टाकलं. काढलं.
शेवटी तिच्यात एक शब्द जोडला, नोफेल.
त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला :
आला तर घे आत,
नाही आला तर थांबू नकोस.

दुसऱ्या दिवशी उदबत्तीला काडी लावेपर्यंत
पडदा उजळून बसलेला.
झाडू कोपऱ्यात, चहा यायचा होता,
आणि माझ्याकडे दीड मिनिट.
डब्यातून दोन स्क्रू शोधले, कव्हरला लावायला घेतले.
एक बसला.
दुसऱ्याचे आटे वेगळे निघाले.