कायतानची उडी

कुडचड्याच्या शाळेमागचं कोर्ट,
खनिजाच्या ट्रकांनी लाल केलेलं.
तिथं कायतान एकोणीस सामने खेळला.
विसाव्यात उडाला, आणि उतरताना
गुडघ्यातून काटकी मोडल्यासारखा आवाज आला.
मी जवळच होतो. पास माझाच होता.

चेंडू तेव्हा रिंगवर फिरत होता;
आत पडला की बाहेर, कुणी पाहिलंच नाही.

आता तावेर्नात दर वर्षी
त्याची उडी वीतभर वाढते.
तिसऱ्या फेणीला हात कोपरापर्यंत रिंगच्या वर.
मी सतरा वर्षं खेळलो,
एकही सामना न चुकवता.
माझी उडी होती तेवढीच आहे.

पहाटे पावांची टोपली घेऊन
तो बेकरीचा जिना उतरतो, तिरका होत,
एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.
काल म्हणाला, "लोक सांगतात ना,
तो कायतान मला एकदा बघायचाय."
मग सुटे पैसे मोजता मोजता,
"पास जरा उंच होता हां तुझा."

चोवीस वर्षांत पहिल्यांदा.
मी चार पाव मागितले होते.
त्यानं पाच दिले.