सावकाशची खूण

खुर्ची आधी पलंग असते.
पाठीसकट, पायांसकट सपाट,
पलंगाला लागून, पलंगाएवढ्याच उंचीची.
चारही चाकांना टाचेनं कुलूप घालायचं
आणि मग ढकलून बघायचं,
कारण टाचेवर विश्वास ठेवू नये
असं लिसम्मा सिस्टर म्हणतात.
मग चादरीसकट माणूस सरकवायचा.
तीन जणी लागतात.
रात्रपाळीला आम्ही दोघीच असतो,
तिसरीला लिफ्टमधून हाक मारून आणायची,
तोवर माणूस पलंगावरच.

बारा नंबरला हिराजी मढवी, ऐरोलीजवळच्या दिव्याचे.
उजवी बाजू गेली, वाचा गेली,
चेहऱ्यावर अर्धाच राग उरलाय.
रबाळ्याच्या यार्डात एकतीस वर्षं क्रेन चालवली,
असं त्यांच्या बायकोनं डबा उघडता उघडता सांगितलं,
मुलाची नोकरी सांगावी तसं.

पट्टा कमरेला. दोन बोटं मावतील एवढा सैल.
हात आत. कोपर बाहेर राहिलं
तर खुर्चीला ते कळत नाही.
लघवीची पिशवी पलंगाच्या दांडीवरून खुर्चीच्या दांडीवर,
सलाईनची नळी हातभर ढिली.
मग रिमोट.
त्याच्या प्रत्येक बटणावर एक बारीक माणूस काढलाय,
कुणाची पाठ उठलेली, कुणाचे पाय लोंबते,
तोंड कुणालाच काढलेलं नाही.

पहिल्या दिवशी मी त्या माणसांकडेच बघत होते.
मोटर गुणगुणत होती, पाठ वर येत होती, पाय खाली.
मढवींचा डावा हात एकदम बाहेर आला,
आडवा, तळवा जमिनीकडे,
आणि फळा पुसावा तसा इकडून तिकडे फिरला.
मला वाटलं, माशी.
हात पुन्हा फिरला, जोरात.
"थांब गो, थांब! थांबवाला सांगतान ते!"

बटण सोडलं.
नळी पायटेकणीच्या बिजागरीत शिरली होती.
आणखी चार बोटं पाय उतरले असते
तर पुढचं मला इथे लिहवत नाही.
जन्मभर केबिनमधून खाली बघत आलेल्या माणसानं
उठता उठता स्वतःच्या पायांखाली बघितलं होतं.
मी बघायला हवं होतं.
तसं मी रजिस्टरमध्येही लिहिलं.

त्या दिवसापासून मी खुणा घेते.
बोट वर, गोल गोल: उचल.
बोट खाली, गोल गोल: उतरव.
तळवा आडवा: थांब, आणि का ते विचारू नकोस.
यार्डात खुणा दुसरे द्यायचे, हे घ्यायचे.

एक खूण मात्र अडायची.
बोट वर करून ते उशीवरच्या उजव्या हाताकडे बघत राहायचे,
दुसऱ्याचा हात कुणी विसरून गेलंय, तसं.
रविवारी त्यांचा जुना सिग्नलवाला आला, गोठिवलीचा बाळाराम केणी.
तो हसला, मग हसायचा थांबला.
"सावकाश म्हणत्यात ते. सावकाशला दोन हात लागतात.
एक खूण करतो,
दुसरा त्याच्यावर आडवा धरायचा, नुसता. हलवायचा नाही."

मोटरला वेग एकच आहे.
सावकाश म्हणजे दाब, सोड, थांब,
ओठांचा रंग बघ, चक्कर येते का विचार,
तीस अंशांवर प्रेशर घे, पुन्हा दाब.

आज पहाटे साडेपाचला त्यांनी बोट वर केलं.
उजव्या अंगठ्याखाली माझ्या बटण,
डावा हात मी त्यांच्या बोटावर धरला,
आडवा, वीतभर उंच.
लिसम्मा सिस्टर दारात प्रेशरचं यंत्र घेऊन उभ्या राहिल्या,
काही बोलल्या नाहीत.
पाठ उठत गेली, थांबत, उठत.
खिडकीच्या कडेवर आधी आभाळ आलं,
मग कुठल्याशा नव्या टॉवरवरच्या क्रेनचा हात,
मग ओहोटीचा खाडीतला चिखल.

मढवींनी क्रेनकडे बराच वेळ बघितलं
आणि तिला तळवा आडवा दाखवला.
ती थांबलेलीच होती.

प्रेशर एकशे तीस, ऐंशी.
रिमोट मागच्या हुकाला.
चार्जिंगची वायर जरा सैल लागते,
सकाळपाळीला सांगायचंय.