ता. क.

हेलसिंकीहून उत्तर आलं, अगदी सभ्य:
त्या काळी टेपा महाग होत्या,
पुसून पुन्हा वापरत.
तुम्ही म्हणता त्या रविवारवर
बहुधा कोबीच्या सूपची कृती असावी,
किंवा स्कीवरच्या उड्या. नोंद नाही.
आपली, मायरे के.

मी ताल्लिनमध्ये एकतीस वर्षं ट्राम चालवली.
रुळावरच्या माणसानं कुणाला मागे टाकण्याच्या
गप्पा मारू नयेत, कळतं मला.
तरी पुन्हा लिहायला बसले.

प्रिय मायरेबाई,
आमची अँटेना उत्तरेकडे तोंड करून असायची,
पाचव्या मजल्यावर, कपड्यांच्या दोरीशेजारी.
ऐंशी किलोमीटर समुद्र ओलांडून
तुमचं चित्र यायचं, भिजलेलं, कुडकुडत,
आवाज मात्र वाटेत बुडायचा.
(तुमच्या आवाजाची लहर निराळी, आमच्या संचाची निराळी,
वडील समजावून सांगत. रेडिओच्या कारखान्यात होते ते.
आम्ही माना डोलवायचो.)

तर गाड्या मुक्या पळायच्या.
पावसात, मागे पाण्याचा पिसारा,
रस्त्यावर कुणी मासे सोडल्यासारख्या.
आणि आवाज वडील काढायचे.
ओठ मिटून, घशातून.
चढाला सूर वर,
वळणाआधी गिअर दोनदा खाली, घुर्र, घुर्र,
मग सरळ रस्त्यावर एवढा लांब श्वास
की आई स्वयंपाकघरातून डोकावून बघायची.
शेजारच्या साल्मेबाई भिंतीवर थापा मारायच्या
आणि थोड्या वेळानं
स्वतःची खुर्ची घेऊन यायच्या.

चौदा नंबर आमचा. का, ते विचारू नका.
वडील म्हणाले आमचा, झाला आमचा.

त्या रविवारी बावीस फेऱ्या उरल्या असताना
वारा फिरला,
आणि पडद्याला मुंग्या आल्या.
पायाला येतात तशाच, आधी कडेला, मग सगळीकडे.
आई म्हणाली, बंद करा आता.
त्यांनी नाही केला.
मुंग्यांकडे बघत पुरी केली शर्यत,
बावीसच्या बावीस फेऱ्या, एकही न गाळता.
चौदा नंबर सहावा. पाचवा.
चहाचा एक घोट घेतला तेवढ्यात
चारही टायर बदलून झाले.
शेवटच्या वळणावर आतल्या बाजूनं घुसला तो
आणि आम्ही असे ओरडलो
की साल्मेबाईंच्या खुर्चीचा पाय मोडला.

गेल्या हिवाळ्यात निकालांचं एक जुनं पुस्तक हाती लागलं.
चौदा नंबर: नवव्या फेरीत बाद. तेलाची नळी.

म्हणजे मुंग्या यायच्या कितीतरी आधी
तो गवतात उभा होता, हेल्मेट काढून,
केसांतून पाणी निथळत.
मग आम्ही बघत होतो तो कोण?
चव्वेचाळीस? धुरकट पडद्यावरचा कुठलाही?
आणि वडिलांना दिसलं होतं का?
कधीतरी मध्येच ते खोकले होते, मला आठवतं,
इंजिन क्षणभर बंद पडलं होतं.
ती नववी फेरी होती का, मायरेबाई,
एवढंच बघायचंय.
आणि जमलं तर, गाडीचा रंग.
आमच्याकडे ती राखाडी होती.

वडील गेले त्याला आता बरीच वर्षं झाली.
घशाचं दुखणं. आवाज आधी गेला,
चित्र थोडं मागे राहिलं.

सूपची टेप असली तरी पाठवा.
म्हणतात, कधीकधी नीट पुसलं जात नाही,
खालचं वर येतं.
पळी ढवळणाऱ्या बाईंच्या खांद्यामागून
एखादं चाक, पावसाची एखादी तिरकी रेघ.
मी बसून बघेन.
घाई नाही, माझी ट्राम
कधीच वेळेआधी सुटली नाही.

आपली,
हेल्वे राउद्सेप

ता. क. आवाज पाठवू नका.