मी धरून चोवीस

घाडी गुरुजींना जिल्ह्याचं बक्षीस मिळालं
तेव्हा आम्ही पटावर तेवीस होतो.
जांबोटीच्या वरच्या अंगाला, काजूच्या मळ्यापलीकडे,
दोन खोल्या, एक पडवी, सात इयत्ता
आणि खडूच्या रेघांनी तीन वाटे केलेला एकच फळा.

शेवटच्या बसनं आले.
काखेत शाल, हातात फ्रेम,
पिशवीत म्हैसुरी पेटा, कागदाच्या गोळ्यांवर बसवलेला.
फ्रेममधलं नाव कानडीत होतं
आणि चुकलेलं. नागोजीचं नागप्पा.
"असू दे," म्हणाले,
"उत्तर बरोबर हाय, पेपरावर नाव घालताना चुकलंय."

दुसऱ्या दिवशी पेटा आमच्या ताब्यात.
सुतळीनं त्याचा घेर घेतला,
तीच सुतळी मग आडवी टाकली,
एकदा, दोनदा, तीनदा,
आणि चिमूटभर उरली.
मग पाण्याचा हंडा. मग सायकलचं चाक.
मग गंगव्वाच्या डब्यातली भाकरी.
दर वेळी तीन आणि चिमूटभर.
"ही चिमूट अजून कुणाला पुरती गावली न्हाई," म्हणाले
आणि पेटा कपाटावर ठेवून दिला.
पुढच्या उन्हाळ्यात चिमणी त्यात राहायला आली.

कुंदाही आणला होता, अर्धा किलो, चौकोनी डब्यात.
"वाटा," म्हणाले. सुरी दिली, पट्टी दिली.
तेवीसला आम्ही दोननं बघितलं, तीननं बघितलं, पाचनं बघितलं.
औटकी घडाघडा म्हणणारा निंगाप्पासुद्धा गप्प.
संख्या म्हशीसारखी अडून बसली.
गुरुजी दारात उभे. हसत नव्हते, सांगतही नव्हते.
शेवटी दुसरीतली रुक्मव्वा म्हणाली,
"गुरुजी, तुमी खाऊचं न्हाई व्हय?"

चोवीस.
सहा उभे, चार आडवे. सुरी सरळ गेली.
इतकी वर्षं रोज हजेरी मांडणाऱ्या माणसानं
स्वतःला कधी धरलंच नव्हतं.

कानडीही तेच शिकवायचे.
तेवीस म्हणताना तीन आधी आत येतो, वीस मागनं.
इप्पत्तमूरु म्हणताना वीस आधी, मूरु मागनं.
खानापुरात तेव्हा पाट्यांवरनं बंद होता,
बस नव्हती, गुरुजी सात मैल चालत आले होते.
"दारातनं कोण आधी आलं त्यावर भांडू नका," म्हणाले,
"घरात किती झाली ते सांगा."

पुढं दहावीला गणितात मला चौतीस पडले.
"एकानं गेलास," असं सगळ्या गावानं सांगितलं.
गुरुजी तेवढे म्हणाले,
"चौतीस येतंय की रे तुला. उरलेलं शिकूया."
शिकलो नाही. थापी धरली.

आता हलग्याच्या बाजूला घरं बांधतो.
पाया आखताना बारा गाठींची दोरी काढतो,
सहावीत त्यांनी करून घेतलेली,
धागे विरलेत, गाठी आहेत.
पलीकडचा खुंटा बसलिंग धरतो, बैलहोंगलचा.
तो मूरु, नाल्कु, ऐदु,
मी तीन, चार, पाच,
दोरी ताणली की कोपरा आपसूक गुण्यात बसतो.
परवा इंजिनिअरनं मशीन लावून बघितलं,
आणि काही न बोलता मशीन पेटीत घातलं.

हे सांगायला गणपतीत गावी गेलो.
शाळेला कुलूप. अठरा, बारा, सात, मग कुणीच नाही.
गुरुजी पडवीत बसले होते, पायाशी एक खरजलेलं कुत्रं.
"काय करूलास, टोपाण्णा?"
"बघूलो. आता पट किती, गुरुजी?"
"शून्य," म्हणाले.
मग माझ्याकडं बघितलं.
"थांब. तू एक. मला धरून दोन."

खिशातनं बिस्कीट काढलं,
मोडताना त्याचे तीन केले.