तीन रेघा

वजनावर घेतला ह्यांनी तो,
देवास नाक्यापलीकडच्या भंगारवाल्याकडून,
क्विंटलच्या भावानं, रद्दीसारखा.
राजेंद्र नगरच्या आमच्या आवारात क्रेननं ठेवला
तेव्हा कण्हेर मोडली,
आणि कठड्यावरून दुबेभाभी म्हणाली,
लो, घर में हाथी आ गया.

फार्गो. सन एकसष्ट. इंजिन जाम.
केबिनमध्ये मुंगसाचं बिऱ्हाड.

वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून
गुडघ्यांचं निमित्त सांगून जो माणूस गच्चीवर चढला नव्हता
तो पाठीवर सरकत चाकांमधून आत जायला लागला.
मी पायांशी बोलायला शिकले.
चहा ठेवलाय, मी पायांना सांगायची.
पाय म्हणायचे, सतरा नंबरचा पाना दे.

पहिलं वर्ष नुसतं रॉकेल आणि ब्रेक ऑइल.
रोज दिवेलागणीला, एकेका सिलिंडरमध्ये,
आजाऱ्याला चमच्यानं पेज भरवावी तसं.
पिस्टन हलेना.
चौदाव्या आठवड्यात केसभर हलला म्हणाले.
मला काही दिसलं नाही.
दुसऱ्या दिवशी सकाळी जिलबी आली, पोह्यांशिवाय.

सियागंजात हकीमुद्दीनभाई गास्केट बघून हसले:
इसके तो ग्राहक भी नहीं बचे.
मग शिडी लावून माळ्यावर गेले आणि
चौऱ्याहत्तरच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं
नवंकोरं गास्केट घेऊन उतरले.
पैसे घेतले नाहीत. म्हणाले,
चालू होईल तेव्हा फोनवर आवाज ऐकवा.

निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली मोहरीचा रंग,
आणि त्यावर अक्षरं: '…चंद हीरालाल, रुई की गाँठें'.
पुढचं नाव गंजानं खाल्लेलं.
जेवताना आम्ही नावं लावून बघायचो,
प्रेमचंद, फूलचंद, खूबचंद.
लग्नानंतर इतक्या गप्पा पहिल्यांदाच.
रंगाऱ्याला ह्यांनी सांगितलं,
खाल्लेलं खाल्लेलंच राहू दे.

चौथ्या वर्षी काहीच झालं नाही.
माझं ऑपरेशन होतं.
ताडपत्रीखाली मुंगूस परत आलं,
आणि मी खिडकीतून त्याची पिल्लं मोजली. तीन.
पुण्याहून मुलगा फोनवर म्हणायचा,
बाबा, एवढ्या पैशात नवी कार आली असती.
हे म्हणायचे, हो, आली असती.

मागच्या हौद्याच्या एकवीस फळ्या.
सगळ्या कुजलेल्या, एक सोडून.
तिच्यावर खिळ्यानं ओढलेल्या रेघा,
चार उभ्या, एक आडवी, चार उभ्या, एक आडवी,
कुणा हमालानं मोजलेल्या गाठी.
शेवटच्या गठ्ठ्यात तीनच.
सुतार रंधा घेऊन बसला होता.
मी म्हटलं, ही नाही.
सहा वर्षांत त्या गाडीबद्दल
मी दिलेला हा एकच हुकूम.

चालू झाली ती एका मंगळवारी, दुपारी.
आधी खोकला, मग काळा धूर
थेट दुबेभाभीच्या वाळत घातलेल्या पापडांवर,
मग तो आवाज,
फडताळातल्या बरण्यांना हुडहुडी भरवणारा.
ह्यांनी फोन लावला. उचलला मुलानं.
अब्बा गेल्या वर्षीच, तो म्हणाला.
ह्यांनी तरीही फोन बॉनेटशी धरून ठेवला.
त्यानंही ठेवला नाही.

पहिलं भाडं दुबेंचंच.
महूला मुलीकडे राहायला निघाले दोघं.
कपाट, कूलर, दिवाण, तुळस,
धुराचा वास गेलेला नाही असे पापड डब्यात.
ह्यांनी पन्नास रुपये मागितले, अगदी गंभीरपणे,
आणि भाभीनं घासाघीस करून चाळीस दिले.
राऊपर्यंत मी मागे बसले होते
सामान धरून, त्या फळीवर पाय ठेवून.

खिळा होता माझ्याकडे.
सकाळपासून पदराच्या गाठीत.
चौथी रेघ ओढायला किती वेळ लागतो.
पण कपाट म्हणजे गाठ नव्हे,
आणि तो कुठल्या कामावरून उठून गेला असेल
मला काय माहीत.
घरी आल्यावर टाकला तो खिळा
ह्यांच्या नटांच्या डब्यात.
आता शोधत बसतील,
हा कुठला म्हणून.