डोळा वर

शब्दकोशात क्रीक म्हणजे खाडी.
पण कोल्टन गावामागून जातो तो ओढाच,
उन्हाळ्यात घोट्याएवढा, बर्फ वितळलं की कंबरेच्या वर.
गेल्या साली इथून गॅसची पाइपलाइन गेली.
गेली म्हणजे माणसं आली, काठ उभा चिरला,
पाइप पुरला, माती सारखी केली
आणि कंत्राटात लिहिलं होतं तेवढंच गवत फवारून
निघून गेली.
महिनाभर हिरवं दिसलं.
मग ओल्या भिंतीचा गिलावा सुटतो
तसा काठ सुटत गेला.

मार्चचा पहिला शनिवार. आम्ही सात जण.
डोलोरेस हुडाक, चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेली;
मोजणी तिच्याकडे.
कोर्टाने साठ तासांची सेवा लावलेला डेव्हन.
आणि मी, मृदसंधारण कार्यालयातली, हातात यादी:
विलो, डॉगवुड, नाइनबार्क, बटनबुश.
विलोला वाळुंज म्हणता येईल, चुलत नात्याने.
बाकीच्यांना मराठी नाव नाही,
मी देत बसले नाही.

आधी नॉटवीड खणून काढलं.
नखाएवढं मूळ राहिलं तरी पुन्हा येतं.
कुणीतरी विचारलंच, हसत,
परकी झाडं उपटताना तुला कसं वाटतं?
कंबर दुखते, म्हटलं.

मग काथ्याची जाळी.
गुंडाळी सोडली आणि वास आला:
वेंगुर्ल्याच्या खाडीत, चिखलात
महिनोन्‌महिने कुजत घातलेली सोडणं,
नाक दाबून शाळेला पळणारी मी.
लेबलवर केरळातल्या कुठल्याशा गावाचं नाव, पुसट.
किती वर्षं टिकते ही, डोलोरेसने विचारलं.
तीन. फार तर चार.
तोवर मुळांनी माती धरायची.
मग काढून टाकायची?
काढायला उरत नाही.

शेवटी खुंट्या. अंगठ्याएवढ्या जाड, हातभर लांब,
खाली तिरपा छेद, वर सपाट.
उसाच्या बेण्यासारख्या आडव्या नाहीत, उभ्या.
दोन हिस्से जमिनीत, एक बाहेर,
आणि डोळा वर, डोळा आभाळाकडे,
असं मी दोनदा सांगितलं.
डेव्हनच्या कानात इअरफोन.
त्याने विलोच्या अकरा उलट्या ठोकल्या.
उपटाव्यात तर साल निघते.
मी त्यांना लाल फीत बांधली,
मेलेल्या मोजताना वेगळ्या धरता याव्यात म्हणून.

एप्रिलात पूर आला.
जाळीची एक कड उचलली गेली,
बेचाळीस खुंट्या वाहून गेल्या,
सुपरमार्केटची एक ढकलगाडी येऊन रुतली,
आणि नाइनबार्क हरणांनी शेंड्यासकट खाल्लं.

मे. डोलोरेस वहीत रेघा ओढते,
चार उभ्या, पाचवी आडवी.
जिवंत एकशे अठरा.
डेव्हनचे साठ तास केव्हाच भरलेत,
तरी आलाय; वर रस्त्यावर उभा आहे, खाली उतरत नाही.
लाल फितीच्या अकरांपैकी आठ सुकलेल्या.
तिघींना मात्र
कोंब फुटलाय मातीच्या दिशेने,
बोटभर खाली गेलाय,
थबकलाय,
आणि कोपरात मोडावा तसा
वळलाय वर.

डोलोरेस चष्मा कपाळावर सरकवते:
ह्या कुठल्या रकान्यात?
माझ्या फॉर्मवर रकाने दोनच.
मी हाक मारते.
डेव्हन येतो, चिखलातून,
पांढरे बूट घालून.