पान सतरा

नदीवरचा बर्फ फुटून वाहून गेला त्या आठवड्यात
तिसरीच्या स्वाध्यायपुस्तिकेचं पान सतरा
माझ्या टेबलावर होतं.
बेथेलच्या कार्यालयाचं पत्र शेजारीच:
प्रत्येक कृतीला उद्दिष्ट, वेळ, गुण.
शेवटी उत्तरसूची. शुक्रवारच्या विमानाने पाठवा.

मी घर काढलं होतं, आपलंच, युपिक,
मातीत अर्धं रुतलेलं, वर धुराचं भोक,
दारात कुत्रा. खाली लिहिलं होतं: रंग द्या.
मला वाटलं, झालं आपल्या लोकांचं पुस्तक.

पानिगुआक आली, हाताला माशाचे खवले.
पान दूर धरून पाहिलं, मग जवळ.
घर तर तूच बांधून टाकलंस, म्हणाली,
पोरांनी काय करायचं? भाडं भरायचं?

आणि मला काठावर घेऊन गेली.
तिच्या आईची सुरी वॉलरसच्या दाताची होती,
पुरात गेली. आता ही, लोणी लावायची, बोथट.
तळव्याने चिखल सारखा केला, वर थुंकली,
पुन्हा सारखा केला. पाटीच ती.
बोलता बोलता रेघ, रेघेबरोबर बोलणं:
ही भिंत, ही चूल, इथे म्हातारी निजते, इथे नात.
मग हात फिरवला. घर गेलं.
पुढचं, म्हणाली, आणि सुरी ओलिंकाला दिली.

ओलिंकाच्या घराच्या छपरावर बर्फगाडी होती.
पूर आला तर? असं तिनेच विचारलं,
आणि म्हातारीला गाडीवर बसवून
थेट समुद्रापर्यंत नेलं.

वासिली लांब उभा होता. वर्गात तो बोलत नाही,
त्याच्या भावाची होडी गेली तेव्हापासून.
हा मुलींचा खेळ, मुली हसल्या.
पानिगुआकने सुरी त्याच्याकडे मुठीच्या बाजूने धरली.

त्याने घर काढलं. दार नव्हतं.
पुसलं.
पुन्हा काढलं, चूल, निजायच्या जागा, तीन माणसं,
दार नव्हतं.
माझ्या तोंडात प्रश्न आला होता,
शिक्षिकेचा, तयार. पानिगुआकने
माझ्या गुडघ्यावर चिखलाचा हात ठेवला.
डास चावत होते. कुणीतरी लांब मोटर सुरू केली.
तिसऱ्यांदा त्याने भिंतीत बोटभर जागा सोडली,
नदीच्या बाजूला,
क्षणभर बघितली
आणि पुसून टाकली.

कोणत्या रकान्यात लिहू हे?
किती गुण?

शुक्रवारी पान सतरा कोरं पाठवलं.
समासात टीप: छपाईची चूक नाही.
सुरी घेऊन काठावर जा. काढा, सांगा, पुसा.
उत्तरसूचीत सतरासमोर काहीच लिहिलं नाही,
फक्त कोपऱ्यात माझा अंगठा उमटला होता,
चिखलाचा. तो तसाच राहू दिला.

पुस्तकं सप्टेंबरात आली, खोकी भिजलेली.
सतरा कोरं होतं. अंगठा नव्हता.
छापखान्यात कुणीतरी डाग समजून काढला असणार.
थोडं वाईट वाटलं.
पुसायचंच असतं, म्हणा.
वासिलीने पान उघडलं,
त्यावर तळवा फिरवून पाहिला,
आणि खिडकीतून नदीकडे.